तुरुंगाची झाली बाग

बंगळूरला निघाले तेव्हा ताईनं माझ्याकडे दोन गोष्टी सोपवल्या. एक बेसनाच्या लाडवांचा डबा आणि दुसरी कामगिरी. डबा भाचीला द्यायचा, आणि ‘ती तिकडे कसल्या भानगडीत पडली नाही ना’ हे डोळ्यांनी बघून यायचं. भाची बंगळूरला शिकते. गेल्या दिवाळीत घरी आली तेव्हा बॅगेतून काळी ओढणी आणि हातानं रंगवलेला एक पुठ्ठा निघाला. पुठ्ठ्यावर कानडी अक्षरं. ताईला ती वाचता आली नाहीत, म्हणून ती जास्तच घाबरली.

ताईच्या घाबरण्याला मी हसले नाही. ती शनिवार पेठेत राहते. ओंकारेश्वराजवळच्या ज्या पुलावर २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या पुलावरून ती रोज भाजीला जाते. ‘चांगलं बोलणाऱ्या माणसांचं काय होतं ते मी घराजवळ बघितलंय,’ एवढंच ती म्हणते. यावर काय उत्तर द्यायचं?

उद्यान एक्स्प्रेस पुण्याहून दुपारी निघते, सोलापूर, कलबुर्गी, रायचूर, गुंटकल करत दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळूरला पोचते. साध्या स्लीपरचं तिकीट होतं, पण झोप झकास लागली. दुसऱ्या वर्गाच्या फळीवर ही जी दोन इंचांची गादी असते ना, ती काही पहिल्यापासून नव्हती. १९७७ साली मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी लाकडी फळ्यांवर गाद्या घालायला सुरुवात केली. तोवर गरिबानं रात्रभर पाठ शेकून घ्यायची, हाच शिरस्ता. दंडवते तेव्हा कोकणातल्या राजापूरचे खासदार. त्यांचं नाव मी इथं उगाच काढलेलं नाही. दुसऱ्याच दिवशी ते मला बंगळुरात पुन्हा भेटणार होते.

गाडी थांबते त्या स्टेशनला क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णाचं नाव आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा हा शूर सरदार. इंग्रजांनी त्याला १८३१ साली फाशी दिली ती नंदगडला, म्हणजे आपल्या खानापूर तालुक्यात, जिथं आजही घराघरात मराठी बोलली जाते. शहाजीराजांच्या जहागिरीत तर हे बंगळूरच होतं. इतकी जुनी सोयरीक असूनही डिसेंबर २०२१ मध्ये बंगळूरच्या सदाशिवनगरात शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई ओतली गेली आणि पाठोपाठ बेळगावात रायण्णाच्या पुतळ्याची मोडतोड झाली. दोघेही परक्या सत्तेशी लढलेले. त्यांचं एकमेकांशी भांडण कधी झालं, ते पुतळे फोडणाऱ्यांनाच ठाऊक. खरं सांगते, फलाटावर उतरल्यावर भाचीला मराठीत हाक मारताना माझा आवाज जरा खाली आला होता. तिनं मात्र ‘मावशी!’ म्हणून अशी आरोळी ठोकली की दोन हमाल वळून बघायला लागले. कुणी काही म्हटलं नाही. एकानं बॅग उचलू का विचारलं, तेही हिंदीत.

‘आधी चहा की आधी माझी भानगड?’ भाचीनं विचारलं. ताईचा फोन तिलाही आला होता तर!

फ्रीडम पार्क स्टेशनपासून फार लांब नाही. शेषाद्री रस्त्यावर दगडी भिंत लागते, आत शिरलं की झाडं, पायवाटा, सकाळी फेऱ्या मारणारी वयस्क मंडळी, बाकावर हळू आवाजात बोलणारी जोडपी. आणि मध्येच उभा असतो टेहळणीचा मनोरा. कारण ही बाग म्हणजे बंगळूरचा जुना सेंट्रल जेल. कैदी शहराबाहेर परप्पन अग्रहारच्या नव्या तुरुंगात हलवले गेले आणि २००८ च्या नोव्हेंबरात या जागेची बाग झाली. काही कोठड्या आणि बराकी मुद्दाम राखून ठेवल्या आहेत. एका कोठडीत मी आत जाऊन उभी राहिले. दोन हात पसरले की भिंती जवळच. वर एवढीशी खिडकी. भाची बाहेर उभी राहून म्हणाली, ‘पुरे आता, ये बाहेर.’ पोर जरा घाबरलीच असावी.

जून १९७५ च्या शेवटी संसदेच्या एका समितीच्या कामासाठी काही खासदार बंगळूरला आले होते. पक्षांतराला आळा घालणाऱ्या कायद्यावर विचार करायचा होता. २५ जूनच्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतल्या चौघांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि आपले मधू दंडवते. चौघांची मतं एकमेकांशी जुळत होती असं मुळीच नाही. दंडवते तर हाडाचे समाजवादी. पण तुरुंगाच्या भिंतीला पक्ष कळत नाहीत. अडवाणींनी इथल्या दिवसांची रोजनिशी लिहिली, ती पुढं पुस्तकरूपानं आली.

दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात अणुभौतिकी शिकवणारे प्राध्यापक. ते इथं, आणि पत्नी प्रमिलाताई आमच्या पुण्याच्या येरवड्यात! १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हातात लाटणं घेऊन रस्त्यावर उतरलेल्या त्या प्रमिलाताई. माझ्या आईनंही तेव्हा एक लाटणं नेलं होतं आणि परत येताना ते हरवलं, म्हणून आमच्या घरी महिनाभर पोळ्या बाटलीनं लाटल्या, ही आमच्या घरातली दंतकथा. तर हे नवराबायको दोन राज्यांतल्या दोन तुरुंगांत दीडेक वर्ष होते आणि बंगळूर ते येरवडा अशी त्यांची पत्रं चालू होती. पुस्तकं, गाणं, तब्येत, राजकारण, आणि मधल्या ओळींत संसार. पत्र आधी तुरुंगाचा अधिकारी वाचणार हे माहीत असताना नवऱ्याला काय लिहावं बाईनं? मी कोठडीच्या पायरीवर बसून तोच विचार करत होते.

पण या तुरुंगाची सगळ्यांत दुखरी आठवण दंडवत्यांचीही नाही. ती स्नेहलता रेड्डींची.

जुन्या सिनेरसिकांना ‘संस्कार’ हा कानडी चित्रपट आठवेल. १९७० सालचा. यू. आर. अनंतमूर्तींची कादंबरी, पट्टाभिराम रेड्डींचं दिग्दर्शन. मद्रासच्या सेन्सॉर मंडळानं आधी तो अडवला आणि मग त्यालाच राष्ट्रपतींचं सुवर्णकमळ मिळालं. त्यात प्राणेशाचार्य झाले होते गिरीश कार्नाड, नारणप्पा झाले होते पी. लंकेश आणि चंद्री झाली होती दिग्दर्शकाची पत्नी स्नेहलता. या तिघांची नावं लक्षात ठेवा. बंगळूरच्या या गोष्टीत तिघंही आपापल्या वाटेनं येतात.

स्नेहलता रेड्डी आणि पट्टाभिराम हे जॉर्ज फर्नांडिस यांचे स्नेही. बडोदा डायनामाइट प्रकरणाच्या धरपकडीत मे १९७६ मध्ये स्नेहलतांना पकडलं आणि याच तुरुंगात ठेवलं. पुढं आरोपपत्र दाखल झालं, त्यात त्यांचं नाव नव्हतं. तरी सुटका नाही, ‘मिसा’ होताच. त्यांना दम्याचा जुना विकार. औषधपाण्याची आबाळ. रात्रीच्या शांततेत त्यांच्या कोठडीतून येणाऱ्या किंकाळ्या ऐकू यायच्या, असं दंडवत्यांनी नंतर आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. आणि या अशा अवस्थेतही त्या बाईंनी काय केलं? तुरुंगातल्या इतर बायकांना मारहाण होई, तिच्याविरुद्ध भांडल्या. त्यांना बरं अन्न मिळावं म्हणून झगडल्या. रोजनिशी लिहिली. १५ जानेवारी १९७७ ला त्यांना पॅरोलवर सोडलं तेव्हा शरीरात काही उरलं नव्हतं. पाचव्या दिवशी, २० जानेवारीला, त्या गेल्या. दोन महिन्यांनी आणीबाणी उठली.

मी ही हकिगत सांगत होते तोवर भाची गप्प होती. म्हणाली, ‘मावशी, मी इथं वीस वेळा आलेय. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.’ मला आपलं उगाच बरं वाटलं.

ती इथं वीस वेळा का आली, तेही तेव्हाच कळलं. बागेचा एक भाग निदर्शनांसाठी राखून ठेवला आहे. पूर्वी बंगळूरची माणसं टाउन हॉलच्या पायऱ्यांवर जमत, महात्मा गांधी रस्त्याच्या टोकाला गांधीजींच्या पुतळ्यापाशी जमत, मौर्य चौकातल्या दुसऱ्या गांधी पुतळ्यापाशी जमत. मोर्च्यांनी रहदारी तुंबते ही तक्रार हायकोर्टापर्यंत गेली आणि २०२१ च्या सरकारी आदेशानं सगळी निदर्शनं फ्रीडम पार्कातच करायची असं ठरलं. दुसरीकडे उभं राहणाऱ्यांवर गुन्हेही नोंदले गेले आहेत. भाची म्हणते, ‘तुरुंग होता तेव्हा बोललं म्हणून आत टाकायचे. आता बाग झाली, तर म्हणतात आत जाऊन बोला.’ रहदारीची तक्रार खोटी नाही, हे बंगळूरच्या रिक्षात तासभर बसलेली कुणीही सांगेल. पण ज्याला ऐकवायचं तो तिथून जातच नसेल, तर गाऱ्हाणं मांडायचं कुणापुढं? त्या दिवशी मंडपात साध्या सुती साड्यांतल्या शे-दीडशे बायका बसल्या होत्या. पगाराची मागणी होती. त्यांच्यातल्या एकीनं आम्हाला सरकून जागा दिली, पाण्याची बाटली पुढं केली. भाषा कळत नव्हती, तरी अर्धा तास बसलो.

काळ्या ओढणीची कथाही याच मंडपाच्या कडेला उलगडली. १९८८ साली जेरुसलेममध्ये काही इस्रायली बायका काळे कपडे घालून चौकात गप्प उभ्या राहायला लागल्या. त्यांच्याच सरकारनं पॅलेस्टिनी भूमीवर ठेवलेल्या ताब्याचा निषेध म्हणून. पुढं युगोस्लाव्हिया फुटला तेव्हा बेलग्रेडच्या बायकांनी तेच केलं. बंगळुरात ‘विमोचना’ ही १९७९ सालची स्त्रियांची संघटना. हुंड्यापायी जाळल्या जाणाऱ्या सुनांची प्रकरणं या बायकांनी वर्षानुवर्षं लावून धरली. आपल्याकडे पुण्यात नारी समता मंचानं हाती घेतलं तसंच काम. नव्वदच्या दशकात, दंगलींनी देश होरपळत असताना, याच बायका काळ्या कपड्यांत महात्मा गांधी रस्त्यावर मूकपणे उभ्या राहू लागल्या. घोषणा नाही, भाषण नाही. येणाराजाणारा थबकून वाचेल तो हातातला फलक, बस्स.

‘आणि तुझ्या फलकावर काय लिहिलं होतंस गं?’

‘हिंसा बेडा.’ बेडा म्हणजे नको.

ताईला इतका घोर लावलेला पुठ्ठा तो हा!

बंगळूर हे मुळातच शांत, हवेशीर, सभ्य शहर, असं आपण लहानपणापासून ऐकतो. हवा छान आहे, कबूल. पण १२ सप्टेंबर २०१६ ला कावेरीच्या पाण्यावरून याच शहरात तमिळनाडूच्या क्रमांकाच्या बसगाड्या डेपोत उभ्या उभ्या जाळल्या गेल्या. बरोबर एक वर्षानं, १२ सप्टेंबर २०१७ ला, हजारो माणसं याच रेल्वे स्टेशनापासून सेंट्रल कॉलेजच्या मैदानापर्यंत चालत गेली. त्यांच्या कपाळावर पट्ट्या आणि हातात फलक होते, ‘नानु गौरी’, मी गौरी. आठवडाभरापूर्वी, ५ सप्टेंबरच्या रात्री, पत्रकार गौरी लंकेश यांना राजराजेश्वरीनगरातल्या त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घालून मारलं होतं. त्या मैदानावर आपल्या मेधा पाटकरही होत्या.

गौरी या ‘संस्कार’मधल्या नारणप्पाची, पी. लंकेश यांची मुलगी. लंकेश इंग्रजीचे प्राध्यापक. १९८० साली नोकरी सोडून त्यांनी ‘लंकेश पत्रिके’ हे साप्ताहिक काढलं आणि एकही जाहिरात न घेता चालवलं. साप्ताहिकाच्या हिशेबाची ज्याला थोडीफार कल्पना आहे त्याला हे किती कठीण ते समजेल. ते २००० साली गेले, मग गौरींनी इंग्रजी पत्रकारिता सोडून कानडीत लिहायला घेतलं. चिकमगळूरच्या बाबा बुडनगिरीवर हिंदू-मुसलमान दोघं जातात. तिथं तेढ वाढू नये म्हणून सलोख्याच्या चळवळीत त्या होत्या. नक्षलवाद्यांनी बंदूक टाकून परत यावं यासाठीच्या प्रयत्नांतही त्या होत्या. दाभोलकर, गोविंद पानसरे, धारवाडचे डॉ. कलबुर्गी आणि गौरी. दोन महाराष्ट्रातले, दोन कर्नाटकातले. सीमाप्रश्नात दोन्ही राज्यांचं कधी एकमत झालं नाही, पण तपास करणाऱ्यांनी या हत्यांचे धागे एकमेकांत गुंतलेले दाखवले. दाभोलकरांच्या प्रकरणात पुण्याच्या न्यायालयानं मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप दिली, तिघे सुटले.

कार्नाड राहिले. माथेरानला जन्मलेले, ‘उंबरठा’त स्मिता पाटीलच्या नवऱ्याचं काम केलेले, ज्यांचं ‘तुघलक’ विजय तेंडुलकरांनी मराठीत आणलं ते आपले कार्नाड. गौरींच्या पहिल्या स्मृतिदिनाला, नाकात ऑक्सिजनची नळी घातलेली असताना, गळ्यात निषेधाची पाटी अडकवून ते सभेत बसले होते. वय ऐंशी. पुढच्या जूनमध्ये गेले. सरकारी इतमाम नको, असं सांगून ठेवलं होतं.

एक छोटी गोष्ट सांगायची राहिली. १९ डिसेंबर २०१९ ला नागरिकत्व कायद्याविरुद्ध टाउन हॉलसमोर माणसं जमली. जमावबंदी होती. इतिहासकार रामचंद्र गुहांना पोलिसांनी तिथून उचलून नेलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. त्याच दिवशी तिथंच एका पोलीस अधिकाऱ्यानं निदर्शकांशी बोलता बोलता राष्ट्रगीत म्हणायला सुरुवात केली. सगळे उभे राहिले, बरोबर गायले आणि शांतपणे घरी गेले. एकाच जागी, एकाच दिवशी दोन्ही. मला वाटतं, हे शहर नेमकं असंच आहे.

तिसऱ्या दिवशी भाचीनं मेट्रोत बसवून बसवनगुडीला नेलं. ‘नॅशनल कॉलेज’ असं स्टेशनचंच नाव. गांधी बझारच्या ‘विद्यार्थी भवन’मध्ये डोसा खायचा होता. हे १९४३ सालचं हॉटेल. भिंतींवर कानडी साहित्यिकांची रेखाचित्रं, आणि वाढपी एकावर एक डोशांच्या बशांची चळत हातावर तोलत येतो. डोसा जाड, खरपूस, लोणी सढळ. शुक्रवारी बंद असतं, जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

पण मला बघायचं होतं ते कॉलेज. एच. नरसिंहय्यांचं. बंगळूरकर त्यांना नुसतं ‘एच. एन.’ म्हणतात. गौरीबिदनूरजवळच्या खेड्यातला गरीब मुलगा, शिकायला म्हणून ऐंशीहून अधिक किलोमीटर पायी चालत बंगळूरला आला. १९४२ मध्ये कॉलेज सोडून तुरुंगात गेला. पुढं अमेरिकेत जाऊन अणुभौतिकीची डॉक्टरेट घेतली, दंडवत्यांचाच विषय बघा. परत येऊन याच कॉलेजचे प्राचार्य, नंतर बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू, आणि राहायला वसतिगृहातली एक खोली. लग्न केलं नाही. खादीचे कपडे, डोक्यावर टोपी. १९७६ साली, ऐन आणीबाणीत, कुलगुरूंच्या खुर्चीवरून त्यांनी चमत्कारांची तपासणी करणारी समिती नेमली आणि देशभर ज्यांचे भक्त होते अशा सत्यसाईबाबांना पत्र लिहून आमच्यासमोर चमत्कार करून दाखवा म्हटलं. उत्तर आलं नाही. समिती वर्षभरात गुंडाळली गेली, पण प्रश्न विचारायची सवय गुंडाळली गेली नाही. १९६२ साली त्यांनी सुरू केलेल्या बंगळूर सायन्स फोरमचं व्याख्यान दर बुधवारी या कॉलेजात असतं. कुणीही यावं, बसावं, प्रश्न विचारावा. महाराष्ट्रानं जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली केला, कर्नाटकानं २०१७ साली. दोन्ही कायद्यांआधी कितीतरी वर्षं असल्या बुधवारांनी जमीन नांगरून ठेवली होती. एच. एन. २००५ मध्ये गेले.

रात्री जे. पी. नगरला ‘रंगशंकर’मध्ये नाटक बघितलं. शंकर नाग यांच्या स्मरणार्थ अरुंधती नाग यांनी २००४ मध्ये उभं केलेलं हे थिएटर. या दोघांची सुरुवात मुंबईच्या रंगभूमीवरची, मराठी नाटकांतलीही. नाटक ठरल्या मिनिटाला सुरू होतं आणि दार बंद. आम्ही धावत पोचलो म्हणून वाचलो. मागून आलेले एक प्रतिष्ठित दिसणारे गृहस्थ बाहेरच राहिले. आपल्याकडच्या काही नाट्यगृहांना ही शिस्त लावायला हवी!

परतीची गाडी बुधवारी रात्रीची होती. दुपारी ताईचा फोन आला.

‘काय गं, आहे का काही भानगड?’

‘आहे,’ मी म्हटलं. ‘हिंसा नको असं पुठ्ठ्यावर लिहून ती उभी राहते. आणि बुधवारी शास्त्रज्ञांची भाषणं ऐकायला जाते.’

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘एकटी उभी राहते की बरोबर कुणी असतं?’

‘असतात. पुष्कळ बायका असतात.’

‘मग ठीक आहे,’ ताई म्हणाली. ‘लाडू खाल्ले का विचार तिला.’

भाचीला बुधवारचं व्याख्यान होतं, त्यामुळे मला स्टेशनवर पोचवायला ती येऊ शकली नाही. रिक्षानं मी एकटीच गेले. फ्रीडम पार्कावरून जाताना आत मंडपात दिवे लागले होते आणि त्या सुती साड्यांतल्या बायका अजून बसलेल्या होत्या.